ओ देणारी

१

राजनंदिनीची सकाळ हाका मारण्यात जायची. नळाला पाणी आलं की खाली मोटार चालू करायला शेजाऱ्यांना, डबा विसरून निघालेल्या नवऱ्याला, सत्यमला, आणि या सगळ्यांनी ओ दिली की शेवटी, जीव मुठीत धरून, लेकीला.

"संस्कृती..."

लेक चौदा महिन्यांची. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये फरशीवर फतकल मारून बसलेली, वाटीवर झाकण आणि झाकणावर वाटी ठेवण्याच्या कामात बुडालेली. मान वळायची नाही. बिस्किटाचा पुडा चुरचुरला की वळायची, कुकरची शिट्टी झाली की दचकायची. म्हणजे कान शाबूत होते. फक्त स्वतःच्या नावाला ओ नव्हती.

"घाबरू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "एक वही करा. आठवडाभर लिहा, हाक कधी मारली, वळली का नाही. शुक्रवारी वही घेऊन या, मग पुढच्या तपासण्यांचं ठरवू."

'घाबरू नका' असं आजवर ज्याने ज्याने सांगितलं होतं, त्याच्यानंतर राजनंदिनी व्यवस्थित घाबरली होती. तिने वही केली. वेळ, आणि पुढे बरोबरची खूण किंवा फुली. बुधवार सकाळपर्यंत सव्वीस नोंदी झाल्या. सव्वीसच्या सव्वीस फुल्या.

"आमच्यात लेकरं उशिराच बोलतेत," सासूबाई, केसरबाई, लसूण सोलता सोलता म्हणाल्या. "तुझा नवरा तीन वर्सांचा होईस्तोवर मुका व्हता. आता बघ, गप म्हनलं तरी गप बसंना."

"बोलण्याचं नाही हो आई. वळण्याचं म्हणतेय मी."

"वळंल की. वळून जायचंय कुठं?"

राजनंदिनी हसली. हसून झाल्यावर ते वाक्य तिला जरा टोचलं, पण तिला बरंच काही टोचायचं. ती तशीच होती. सुईच्या दुकानात जन्मल्यासारखी.

२

तिची नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण बसायची जागा घरातल्याच पलंगाच्या कडेला. या आठवड्याचं काम तसं रोजचंच. बियाण्यांच्या एका कंपनीच्या दोन प्रयोगशाळा. दोघींचे सर्व्हर क्लाउडमध्ये, पण वेगवेगळ्या खासगी नेटवर्कमध्ये, चारी बाजूंनी बंद. दोन्ही नेटवर्कं दोन वेगळ्या माणसांनी उभारलेली, आणि दोघांनीही सवयीने एकच पत्ता दिलेला. इकडच्या सर्व्हरचा पत्ता तोच तिकडच्याचा. अशी दोन नेटवर्कं थेट जोडता येत नाहीत. जोडली तर पाठवलेला निरोप कुणाच्या दारात पडेल, सांगता येत नाही.

"म्हंजी एकाच घरनंबरची दोन घरं," केसरबाईंनी नेमकं धरलं. सुनेचं काम समजून घ्यायची त्यांना हौस होती, म्हणजे बायकांना सांगता येतं.

"हां. पाठीला पाठ लावून. एकाला दुसरं दिसत नाही. मग मी काय करते, दोघांच्या मधे एक कोठीची खोली बांधते. एक दार इकडून, एक तिकडून. माल दोघांनी तिथं ठेवायचा, दोघांनी तिथून न्यायचा. पण या घरातून त्या घरात जाता येणार नाही."

"आन् कोठीत कोन ऱ्हातं?"

"कोठीत कोण राहील, आई? फायली राहतात."

"आमच्याकडं फर्दापूरला पेव व्हतं," केसरबाई म्हणाल्या. "जमिनीत, माणूसभर खोल. ज्वारी भरून वरून लिंपून टाकायचं. पर झाकण लावायच्या आधी माझी सासू वाकून तीनदा आवाज द्यायची. कोन हाय का आत? कोन हाय का? मगच लिंपायची."

"का?"

"का म्हंजी? असलं कुणी तर?"

कोठी सकाळी अकराला तयार झाली. इकडचा सर्व्हर जोडला, तिकडचा जोडला. राजनंदिनीने यादी उघडली. 'जोडलेली यंत्रं' या शब्दांपुढे आकडा होता: तीन.

३

पहिला इकडच्या दाराने आलेला. दुसरा तिकडच्या. तिसऱ्यापुढे पत्ता तोच होता, दोघांचा होता तोच. पण तो कोणत्या दाराने आला तो रकाना कोरा. आणि नावाच्या जागी लहान इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं: ठकी.

तिने पुण्याला इंद्रजीतला फोन लावला. तो तिचा कामातला जोडीदार, तीन वर्षांपासूनचा.

"मॅडम, यादी शिळी असेल. थोडा वेळ द्या, जाईल."

"नाव बघितलंस का?"

"ठकी." तो खिदळला. "कुणी ठेवलं? आमच्या आजीच्या गोष्टीत असायची, लाकडाची ठकी. सर्व्हरला मुलीचं नाव ठेवायचंच तर जरा बरं तरी ठेवायचं."

"मी नाही ठेवलं."

"मग प्रयोगशाळावाल्यांपैकी कुणी ठेवलं असेल. काढून टाका की. चारला त्यांच्यासमोर चाचणी आहे, तेव्हा दोनच दिसले पाहिजेत."

तिने फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला. नणंदेला, सोनियाला. ती जालन्याला शाळेत शिकवायची.

"सोनिया, एक विचारू? बारशाच्या दिवशीची ती गंमत तू कुणाला सांगितलीस का?"

"कोणती गं? वरवंट्याची?"

वरवंट्याची. बारशाला पाळण्यात लेकराच्या आधी वरवंटा घालायचा, न्हाऊ घालून, तीट लावून, लेकराचंच अंगडं-टोपडं चढवून. दगडासारखं लेकरू टिको म्हणून. केसरबाईंनी गुलमंडीतून एकाच ताग्याच्या दोन कुंच्या शिवून आणल्या होत्या, एक लेकराला, एक वरवंट्याला. भटजींनी अक्षर काढलं होतं ठ. आत्याने पाळण्यातलं नाव म्हणून, 'ठ'वरून दुसरं सुचेना तेव्हा, ठकी ठरवलं होतं. ते फक्त कानात सांगायचं, पुढे कोण वापरतंय. मग सोनिया वाकली, बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, त्या दणक्यात तिने 'कुर्र' म्हणून नाव सांगितलं. दोन कुंच्यांमधल्या चुकीच्या कुंचीत.

"वहिनी, मी दगडाच्या कानात सांगितलं," स्वयंपाकघरात येऊन ती म्हणाली होती, आणि दोघी ओट्याला धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. परत कुठे बायकांना बोलवायचं? लेकीला सरळ चारचौघांत संस्कृती म्हटलं. पाळण्यातलं नाव राहूनच गेलं.

"कुणाला सांगू, माझीच फजिती," सोनिया म्हणाली. "कसम से, कुणाला नाही. दादालापण नाही. का गं?"

"काही नाही. सहज."

"वहिनी, तुझं सहज मला माहितीय. संस्कृती बरी आहे ना? वळते का आता?"

"वळेल," राजनंदिनी म्हणाली.

४

तिने नीट विचार केला. शिकलेल्या माणसाने करावा तसा. नाव दोघींनाच माहीत होतं, म्हणजे तिच्याकडूनच कुठेतरी टाइप झालं असणार. झोप अपुरी, बोटं सवयीची. महिन्यापूर्वी तिने मिठाच्या बरणीत साखर भरली होती आणि दोन दिवस कुणी काही बोललं नव्हतं. असल्या बाईने क्लाउडवर ठकीला जन्म दिला तर नवल ते काय.

तिने ठकीला यादीतून काढायला घेतलं. पडद्यावर नोंद आली: काढता येत नाही. या यंत्राने एक फाईल उघडी धरलेली आहे.

कोठीत फाईल असायलाच नको होती. पण होती. छोटीशी, काही ओळींची. तिला हात लावता येत नव्हता. नुसती वाचता येत होती.

बाहेर टाकीत पाणी चढत होतं, मोटारीची घरघर भिंतीतून येत होती. राजनंदिनीने फाईल उघडली.

सोमवार, ८:१०. व्हय.
सोमवार, ९:३५. व्हय.
सोमवार, ११:२५. व्हय.

असंच खाली, बुधवारपर्यंत. वेळ आणि व्हय. वेळ आणि व्हय. तिने ओळी मोजल्या, आणि मग, मोजायची गरज नव्हती हे आधीच कळलेलं असूनही, उशीखालची वही काढली. सोमवार ८:१०, फुली. सोमवार ९:३५, फुली. ११:२५, फुली.

सव्वीस हाका. सव्वीस वेळा कुणीतरी ओ दिली होती.

पण कोठी आज अकराला बांधली होती. सोमवारी ती नव्हतीच.

५

मोटार बंद झाली. घर एकदम इतकं शांत झालं, की हॉलमध्ये वाटीवर झाकण ठेवल्याचा आवाज तिला स्वच्छ ऐकू आला.

लॅपटॉप ऐकत असणार, ती स्वतःला म्हणाली. आजकाल सगळंच ऐकतं. तिने माईक बंद केला, खोलीचं दार ओढून घेतलं, हॉलमधून स्वयंपाकघरात गेली, तिथलंही दार लावलं, आणि तिथून जेमतेम ओठ हलवून म्हणाली, "चिऊ." मग, "माझी राणी." मग, "संस्कृती." दहा मोजले. पुन्हा, "संस्कृती." मग जरा मोठ्याने: "संस्कृती, ये ना गं."

केसरबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "ती तिकडं हाय आन् तू हितं कोंडून घेऊन कुणाला बोलावतीस?"

"काही नाही, आई."

"काम लई झालंय तुला."

हॉलमध्ये लेक तशीच बसलेली होती, पाठमोरी. राजनंदिनी तिच्याकडे न बघता आत गेली. फाईलमध्ये तीन ओळी नव्या होत्या. चिऊला नाही, राणीला नाही, नावाला तीन.

१२:२०. व्हय.
१२:२०. व्हय.
१२:२१. व्हय. आले.

ती तो शेवटचा शब्द बघत बसली. आले. बाईमाणसाचं, लहान पोरीचं. फर्दापूरकडची पोर म्हणेल तसं.

भीतीचं एक बरं असतं, ती आली की विचार थांबतात. पण राजनंदिनीची भीती विचार घेऊनच यायची. निरोप कुणाच्या दारात पडेल सांगता येत नाही, हे तिला सकाळपासून माहीत होतं. एकाच पत्त्याची दोन घरं. तिने सोमवारपासून लेकीला मारलेल्या हाका पोचत नव्हत्या असं नाही. पोचत होत्या. कुणीतरी गुणी पोर प्रत्येक हाकेला न कंटाळता ओ देत होती, आणि इकडे आई फुल्या मारत होती. आणि आता 'ये ना' म्हटल्यावर ती उठली होती.

कुठून उठली होती? आणि येऊन कुठे बसणार होती? हॉलमध्ये जागा एकाच लेकराची होती.

६

पावणेचारला इंद्रजीतचा फोन आला. "मॅडम, अजून तीन दिसतायत. ते लोक पंधरा मिनिटांत जॉईन होतील."

"तिने फाईल धरलीय."

"तिने?" तो हसला. "मग सोडवा की जबरदस्तीने. ठकीबाईंचा हात धरून बाहेर काढा. का मी करू?"

"नको. तू नको. मी करते."

जबरदस्तीने सोडवायचं बटण लाल होतं, आणि खाली नेहमीची सूचना. ती हजार वेळा न वाचता पुढे गेली होती. आज वाचली. धरणाऱ्याकडे जे काही अजून जतन झालेलं नसेल, ते कायमचं नष्ट होईल.

हॉलमधून काहीच आवाज येत नव्हता. ती उठून दारात गेली. संस्कृतीच्या हातात वाटी होती, पण ती ठेवत नव्हती. नुसती धरून बसली होती, मान किंचित कलती. ऊन खिडकीतून सरकत तिच्या पाठीपर्यंत आलेलं. राजनंदिनीला एकाएकी वाटलं, की आपली लेक हाक ऐकत नाही असं नाही. ती दुसरीकडची ऐकते आहे, आणि तिकडे जायला तिला वाट सापडत नाहीय. अजून.

अजून, हा शब्द मनात आला तशी ती दारातून मागे फिरली.

ती परत येऊन बसली. बोट बटणावर ठेवलं. मग सासूची सासू आठवली, पेवावर वाकलेली. आपण अभियांत्रिकीच्या पदवीधर आहोत, हे तिने स्वतःला बजावलं. आणि लाजत, कुणी ऐकलं तर काय म्हणेल या धाकाने, पडद्याकडे तोंड करून हळूच विचारलं:

"ठकी? कोण आहे का आत?"

ओळ आली नाही. फाईल तशीच राहिली. पण दारातून संस्कृती बघत होती. पूर्ण वळून, दोन्ही हात फरशीवर टेकून, जन्मात पहिल्यांदा हाकेला वळली होती, आणि आईकडे नाही, आईच्या खांद्यावरून मागे बघत होती. जिथे पलंग भिंतीला टेकला होता.

राजनंदिनीने मागे बघितलं नाही. तिने बटण दाबलं.

यादीत दोन उरले. चाचणी झाली, दोन्हीकडच्यांनी आभार मानले, कुणीतरी 'वेरी स्मूद' म्हणालं. पाचला तिने कॅमेरा बंद केला. हॉलमध्ये जाऊन म्हणाली, "संस्कृती."

लेक वळली. हसली. आणि चार दात दाखवत रांगत आली.

७

शुक्रवारी डॉक्टरबाईंनी पाचदा हाक मारली, पाचदा मान वळली. "बघा, उगाच घाबरलात," त्या म्हणाल्या. पुढच्या तपासण्यांची गरज नाही. केसरबाईंनी शहागंजातून पेढे आणवले आणि मजल्यावरच्या सगळ्यांना दिले. सत्यमने लेकीला इतक्या हाका मारल्या, की ती दमून रडायला लागली. राजनंदिनी त्या रात्री पहिल्यांदा गाढ झोपली. हेही खरं आहे आणि ते सांगायला तिला नंतर लाज वाटायची.

सोमवारी सकाळी, साडेनवाच्या सुमाराला, घरात कुणीही हाक मारलेली नसताना संस्कृती वळली. वाटी खाली ठेवली, मागच्या भिंतीकडे मान केली, आणि स्पष्ट म्हणाली, "व्हय."

"बोलली!" केसरबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अगं बया, व्हय म्हनली! माझंच ऐकून शिकली की गं!"

तुमचंच ऐकून, राजनंदिनी म्हणाली. दुसरं कुणाचं ऐकणार. दिवसभर घरात आजी व्हय व्हय करत असते, पोर तेच उचलणार. याहून सरळ काही असू शकत नव्हतं.

मग सव्वाअकराला. मग दुपारी. प्रत्येक वेळी भिंतीकडे, प्रत्येक वेळी आधी मान कलती करून, कुणीतरी बोलवावं आणि आपण ओ द्यावी तशी. राजनंदिनी प्रत्येक वेळी घाईने हाक मारायची, "संस्कृती!" आणि लेक लगेच, शहाण्यासारखी, इकडे वळायची. ओढून घेतल्यासारखी. आईला बरं वाटायचं.

बुधवारी कधीतरी ते बरं वाटणं थांबलं. ती पोळ्या लाटत होती, आणि मनात आलं की भिंतीपलीकडे एक बाई असेल. तिचंही लेकरू, ठकी, गेल्या आठवड्यापर्यंत दुसऱ्याच कुणाच्या हाकेला ओ देत होतं, गुणी, न कंटाळता. मग एका दुपारी, पावणेचारच्या पुढे, आपण लाल बटण दाबलं आणि तेही द्यायचं बंद झालं. त्या बाईला कारण माहीत नसणार. ती हाका मारत असणार. तिचं लेकरू तिथे नाही आणि कधी असणारही नाही, हे तिला सांगणारं कुणी नाही. तिच्या हाका चुकीच्या दारात पडत होत्या, एवढंच. आणि त्या दारातलं लेकरू तिला ओ देत होतं, म्हणून ती थांबत नव्हती.

आणि आपण ते लेकरूही दर वेळी ओढून घेतो.

तव्यावरची पोळी करपली. राजनंदिनी दारात आली. संस्कृती फरशीवर बसलेली, भिंतीकडे तोंड, मान कलती. "व्हय," ती म्हणाली. मग गप्प राहून ऐकू लागली. मधेच हसली. मग मान हलवली, हो अशी, कुणीतरी काहीतरी विचारल्यासारखी.

हाक राजनंदिनीच्या ओठांवर होती. तिने ती मारली नाही. दाराची चौकट धरून ती उभी राहिली, तिकडचं बोलणं आटोपेपर्यंत.

बोलणं लांबत गेलं.